आत्याची कोरफड, संघूची माशी

भोईवाडा, परळ
४ जुलै २०२४

चि. संघू,
आत्याचा जयभीम.

तुझं पत्र मिळालं. शेजारची अक्षदा म्हणते, आजी, मोबाइलवर सांगा, मी टाइप करते, मिनिटात बंगळुरूला पोचतं. मी म्हटलं, माझ्या घरची गोष्ट तुझ्या बोटांतून कशाला जायला हवी? बत्तीस वर्षं मिलमध्ये वाइंडिंग खात्यात उभी राहिले. यंत्रांनी कान नेले, हात नाही नेले. एक्केचाळिसाव्या वर्षी लिहायला शिकले, ते वापरीन की नाही?

बातमी अशी की समोरच्या ललिताच्या हातावर कढईतलं तेल उडालं. मनगटापासून कोपरापर्यंत लाल. मी लगेच हात नळाखाली धरायला लावला, मग कोरफडीचं पान चिरून गर लावला. पाचव्या दिवशी ती चपात्या लाटत होती. आता माझ्या दाराला सगळे दवाखानाच म्हणतात. लोक कोरफड दारावर उलटी टांगतात, नजर लागू नये म्हणून. आपलं तसलं काही नाही. आपली गॅलरीत तेलाच्या डब्यात सरळ उभी आहे, ताठ. माझ्यासारखी.

तुझा बाप दौलत बरा आहे. नव्या चपलेनं तळव्याला फोड आला होता, बोटांच्या खाली. शुगरमुळे जरा चिघळलाय. मी रोज दोनदा गर लावते. दुखत अजिबात नाही, हे चांगलंच. हल्ली घरात उदबत्त्या फार लागतात. कोणी आलं तर दौलत त्यांना गॅलरीतच बसवतो, आत घेत नाही.

आणि गंमत सांगू? एक हिरवी चकचकीत माशी रोज येते. भातावर बसत नाही, गुळावर बसत नाही, सरळ त्याच्या पायाशी. मी म्हटलं, दौलत, तुझ्या माशीवाल्या लेकीनं बंगळुरूहून पाठवलेली दिसते. तो हसला नाही. चार वर्षं झाली, तुझं नाव निघालं की पेपर तोंडासमोर धरतो. पण तुझं पाकीट आलं की त्याच्यावरचा शिक्का तोच आधी बघतो. टपाल खात्यातला माणूस, सवय जात नाही.

तुझी आत्या,
मीरा

•

बंगळुरू
९ जुलै २०२४

आत्या,
जयभीम.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. वाचल्या वाचल्या अक्षदाला फोन केला, पप्पांना डॉक्टरकडे ने म्हणून सांगितलं. ते तिच्याबरोबर जाणार नाहीत हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र. मिळाल्याबरोबर तू घेऊन जा. तुझं ते ऐकतात.

दुखत नाही हे चांगलं नाही, आत्या. शुगरनं पायाची जाणीव गेली आहे. उदबत्त्या जास्त लागतात, कारण घरात वास येतोय. तुला आणि पप्पांना दोघांनाही तो येतोय, आणि दोघंही एकमेकांना सांगत नाही आहात. ते माणसांना बाहेर बसवतात ते त्याचसाठी. आणि हिरवी माशी गूळ सोडून पायाशी जाते, ती उगाच नाही जात. तिला मेलेल्या मांसाचा वास कुणाच्याही आधी येतो, प्रयोगशाळेत माझ्या माश्यांचं मी हे रोज बघते. पायातलं मांस मेलेलं आहे, हे तुमच्या आधी तिला कळलं.

तिला जखमेवर बसू देऊ नकोस. स्वच्छ कापड बांध. आणि मला माफ कर, पण गर लावणं थांबव.

मी निघून येऊ का? पप्पा म्हणाले होते, या घरात पाय ठेवू नकोस. तरी येईन.

संघू

•

भोईवाडा
२८ जुलै २०२४

संघू,

तू आत्ता येऊ नकोस. तू दारात दिसलीस तर तो हट्टानंच नाही म्हणेल, मग डॉक्टरनं काहीही सांगू दे. मी आहे इथे.

डॉक्टरकडे नेलं. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. मला ऐकू येत नाही, त्यामुळे मला हळू वाचता येत नाही, हे तुला माहीत आहे. ‘पायातलं मांस मेलेलं आहे’ हे वाक्य खाली तळमजल्यापर्यंत गेलं म्हणे. माश्यांचंही गेलं. संध्याकाळी ललितानं विचारलं, संघू माश्यांवर काम करते होय? मी म्हटलं, हो. दौलत दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला वाटलं, पायाची बातमी फुटली म्हणून रागावला.

डॉक्टरनं दाबून बघितलं. आतून काळं आलं. दोनदा खरवडून काढलं, इंजेक्शनं दिली, आठ दिवसांत पुन्हा भरलं. आता म्हणतात, असंच वर चढलं तर घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल.

एक गोष्ट मात्र लिहिणारच. तू ‘गर थांबव’ लिहिलंस ते मला लागलं. अक्षदाच्या आईचं भाजणं, तुझी आई होती तेव्हा तिच्या टाचांच्या भेगा, तुझ्या स्वतःच्या पाठीवरचं घामोळं, सगळं या कोरफडीनं बरं केलं. तुझ्या माशीनं आजवर कुणाचं काय बरं केलं? शिकलेली आहेस ना, मग सांग मला. माझी कोरफड मोठी की तुझी माशी?

मीराआत्या

•

बंगळुरू
१ ऑगस्ट २०२४

आत्या,

तू रागानं विचारलंस, पण प्रश्न खरा आहे. माझं कामच ते आहे, म्हणून नीट उत्तर देते.

कोरफड जिवंत कातडीचं झाड आहे. तिचा गर थंडावा देतो, ओल धरून ठेवतो, त्याखाली कातडी आपली आपण भरून येते. ललितामावशीची कातडी भाजली होती, पण खालचं सगळं जिवंत होतं. तिथे तुझी कोरफड. माझी माशी त्या हाताकडे बघणारसुद्धा नाही.

पप्पांच्या पायात मेलेलं आणि जिवंत एकमेकांत शिरलंय. वरून गर लावला की आतलं सडकं झाकलं जातं. कोरफडीला मेलेलं काय नि जिवंत काय, यातला फरक कळत नाही. हिरव्या माशीच्या अळीला नेमका तेवढाच कळतो. ती मेलेलं मांस विरघळवून पिते, आणि जिवंत मांसापाशी थांबते. डॉक्टरच्या सुरीला इतकं बारीक थांबता येत नाही. तिच्या लाळेनं जखमेतले जंतूही मरतात.

तुमच्या घरात येणारी माशी रस्त्यावरची, तिच्या पायाला गटार लागलेलं. तिला हाकलच. माझ्या माश्या प्रयोगशाळेत जाळीच्या पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या आहेत. त्यांची अंडी मी औषधानं धुते. जखमेवर ठेवतात त्या अळ्या राईच्या दाण्याहून लहान असतात. वरून जाळीचं ड्रेसिंग. तीन दिवसांनी काढतात तेव्हा त्या भाताच्या शितासारख्या झालेल्या असतात.

कुणाचं काय बरं केलं, असं विचारलंस. दादरला एका छोट्या हॉस्पिटलात डॉ. रश्मी आहेत. रीतसर परवानगी घेऊन त्या आमच्याबरोबर हा उपचार तपासून बघताहेत. आतापर्यंत नऊ पेशंट. सहा जणांचे पाय वाचले, तिघांचे नाही. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पप्पांना तिथे ने. पायात रक्त पोचतंय का ते त्या आधी बघतील, आणि नसेल तर नाही म्हणतील.

हे माझ्या माश्यांचं आहे हे पप्पांना कळेलच. चार वर्षांपूर्वी ते मला काय म्हणाले ते तुला ठाऊक आहे. ‘मेलेलं ढोर ओढायचं सोडलं म्हणून आपण माणसात आलो, आणि तू बँकेची नोकरी सोडून परत किड्यांत हात घालतेस.’ त्या वाक्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

संघू

•

भोईवाडा
८ ऑगस्ट २०२४

संघू,

या वेळी खाली रस्त्यावर बाजाची प्रॅक्टिस चालू झाल्यावर वाचलं, म्हणजे फक्त त्यालाच ऐकू जाईल. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. मिलमध्ये आम्ही बायका ओठ वाचूनच बोलायचो, त्यामुळे दौलत काय म्हणाला ते एकही अक्षर सुटलं नाही.

म्हणाला, “ताई, बा ज्याच्यातून उठला ते मी पायाला बांधून घेऊ?”

तुला अर्धीच गोष्ट माहीत आहे, म्हणून सांगते. छप्पन साली दीक्षा झाली आणि तुझ्या आज्यानं मेलेलं ढोर ओढायचं बंद केलं. खोताचा बैल मेला. तीन दिवस पडून होता. माणसं दारात येऊन ओरडून गेली. बा उंबऱ्यावर बसून राहिला, मांडी बदलली नाही. मग गावानं वाट बंद केली. दुकानदार मीठ देईना. मी पाच-सहा वर्षांची. बिनमिठाची भाकर मला अजून आठवते. दौलत तेव्हा आईच्या कडेवर. मग हर्णैहून बोटीनं आम्ही मुंबईला आलो. दौलतला त्यातलं काहीच आठवत नाही, आणि म्हणूनच त्यानं ते जास्त घट्ट धरून ठेवलंय.

मी म्हटलं, “बा उठला, कारण त्याला कुणी विचारलं नव्हतं. संघूला कुणी ओढून नेलं का? ती शिकून गेली, आपल्या पायानं गेली.”

“तू तिची वकील,” म्हणाला, आणि भिंतीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी दौलतला घरी ठेवून मी अक्षदाबरोबर दादरला गेले. रश्मी डॉक्टर साधी आहे, तोंडासमोर सावकाश बोलते. तिनं मला अळ्यांची बरणी दाखवली. मी म्हटलं, हातावर दे. ती आधी नको म्हणाली, मग हातमोजा घालून दिला. पांढरी, एवढीशी. वळवळत होती, चावत नव्हती. किळस आली. खोटं कशाला लिहू, आली. पण मग मला ललिताचा हात आठवला आणि वाटलं, मीही दिवसभर लोकांच्या जखमांतच हात घालते की.

घरी आले आणि दौलतच्या पायावरचा गर कोमट पाण्यानं धुऊन काढला. खाली जे दिसलं ते मी रोज बघत होते आणि रोज झाकत होते. त्याला म्हटलं, “दौलत, हे माझ्या कोरफडीच्या हाताबाहेरचं आहे.” पन्नास वर्षांत असं मी कुणाला म्हटलेलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग रक्त पोचतंय का ते बघायला दादरला आला. पोचतंय. चौदा तारखेला बोलावलंय. फॉर्मवर सही त्याचीच लागते.

आत्या

•

बंगळुरू
११ ऑगस्ट २०२४

आत्या,

अंडी आज धुतली. अळ्या तेरा तारखेच्या विमानानं जातील, बर्फाच्या पिशव्यांमध्ये, डॉ. रश्मींच्या नावानं. मी पप्पांची मुलगी आहे, त्यामुळे उपचार करायचा की नाही यात मला बोलता येत नाही, तसा नियमच आहे. मी फक्त अळ्या तयार करून देते. तू हातावर घेतलीस हे वाचून मी प्रयोगशाळेत सगळ्यांना ते वाक्य वाचून दाखवलं. मोठ्यानं.

सही केली नाही तर तो डबा जाळून टाकतील. टाकू देत. मी पप्पांना विनवणार नाही. मी काही वाईट केलेलं नाही, आणि वाईट केल्यासारखं बोलायला मला जमणार नाही. तू म्हणशील, बापावर गेली आहे. असू दे.

पण आत्या, सही करायला लाव.

संघू

•

भोईवाडा
२९ ऑगस्ट २०२४

माझी संघू,

आधी पाय सांगते, मग बाकीचं. पाय आहे.

अंगठ्याच्या शेजारचं बोट गेलं. ते आधीच काळं पडलेलं होतं, त्याला तुझ्या माश्या तरी काय करणार. पण घोटा, टाच, तळवा सगळा जागेवर आहे.

आता सही. चार पानांचा फॉर्म. पस्तीस वर्षं टपाल सॉर्ट केलेला माणूस न वाचता सही करतो होय? चष्मा पुसून एकेक ओळ वाचली. रश्मी डॉक्टर दोनदा घड्याळ बघून गेली. शेवटच्या पानावर त्याचं बोट थांबलं. मी वाकून बघितलं. छापलं होतं, ‘अळ्या तयार करणार : डॉ. संघमित्रा दौलत गमरे’.

तू डॉक्टर झालीस हे त्याला मीच सांगितलं होतं. पण मी सांगणं वेगळं. आयुष्यभर त्यानं लोकांची नावं वाचली, लाखो वाचली असतील. हे वाचत किती वेळ बसला ते मला सांगता येत नाही.

रश्मी म्हणाली, “काका, काही शंका आहे?”

“नाही,” म्हणाला. “नाव बरोबर लिहिलंय.” आणि सही केली.

तीन-तीन दिवस, असं दोनदा ठेवलं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, पायात कुणीतरी चालतंय असं वाटतं. जिथे महिनाभर काही कळत नव्हतं तिथे कळायला लागलं, म्हणून मी रडले आणि तो माझ्यावर ओरडला. पूर्ण वेळ तोंड भिंतीकडे. एकदाच विचारलं, “डबा बांधला कसा होता?” मी म्हटलं, आत बर्फ, त्याच्याभोवती थर्माकोल, वर चारही बाजूंनी चिकटपट्टी. “मग ठीक,” म्हणाला.

दुसऱ्यांदा जाळी काढली तेव्हा त्यानं डोळे मिटले. मी नाही मिटले. काळं गेलेलं, हिरवं गेलेलं. आत लाल, ओलं, डाळिंब फोडल्यासारखं. नर्स म्हणाली, असंच हवं असतं. मग मी रश्मीला विचारलं, माझ्या कोरफडीला आता काहीच काम नाही का? ती म्हणाली, जखमेला नको, पण दुसऱ्या पायाच्या टाचेला भेगा आहेत, तिथे लावा, त्यातूनच उद्या दुसरी जखम होते. ती टाच आता माझ्याकडे आहे.

तेव्हा तुझी माशी मोठी, एवढं मी कबूल करते. त्या एका पायापुरतं.

तुला लिही म्हटलं तर दौलत अजून पेपरच धरतो. वाट बघ.

आत्या

•

भोईवाडा, परळ, मुंबई ४०० ०१२
१५ ऑक्टोबर २०२४

चि. संघमित्रा,
जयभीम.

हे पत्र मीराताईनं सांगितलं म्हणून लिहीत नाही. तिला माहीतही नाही. कोपऱ्यावरच्या पेटीत मीच टाकणार आहे.

जखम आठ आण्याएवढी उरली आहे. हॉस्पिटलनं वेगळा बूट दिला आहे. थोडं चालायची परवानगी मिळाली.

काल १४ ऑक्टोबर. विहारात दरवर्षीप्रमाणे दहावी-बारावीच्या मुलांना पेनं आणि वह्या द्यायच्या होत्या. ज्येष्ठ म्हणून मला बोलावलं. हॉस्पिटल सोडून दोन महिने कुठे बाहेर पडलो नव्हतो. जिना उतरून विहारापर्यंत चालत गेलो. मध्ये दोनदा थांबलो.

वाटप झाल्यावर कुणीतरी म्हणालं, गमरेकाका, पाय कापणार म्हणत होते, कुठल्या डॉक्टरनं वाचवला? मी उठलो. तुला एक गोष्ट माहीत नाही. चार वर्षं मी चाळीत सांगत आलो की तू बंगळुरूला बँकेत मोठी अधिकारी आहेस. नोकरी सोडल्याचं कुणाला कळू दिलं नव्हतं. जुलैत ताईनं तुझं पत्र मोठ्यानं वाचलं आणि माझं खोटं अख्ख्या चाळीसमोर उघडं पडलं. लोक चांगले, तोंडावर कुणी काही बोललं नाही. मी तोंड लपवून बसलो होतो ते पायासाठी नाही, त्यासाठी.

मी माइक घेतला. म्हटलं, “माझ्या मुलीनं वाचवला. ती बँकेत नाही. ती माश्या पाळते.”

मागे पोरं हसली. मी त्यांना हसू दिलं. हसणं थांबल्यावर बोललो. माझा बाप काय नाकारून या शहरात आला ते सांगितलं. म्हटलं, त्यानं ते काम नाकारलं, कारण ते त्याच्या जातीवर लिहून ठेवलेलं होतं. माझी मुलगी त्याच किड्यांपाशी गेली, पण पुस्तक घेऊन गेली, आणि तिच्या हाताखालचे किडे मेलेलं मांस काढून माणसाला उभं करतात. माझा बाप असता तर त्यानं मला आधी कान धरून उभं केलं असतं आणि मग तिला खांद्यावर घेतलं असतं. मी हे चार वर्षांपूर्वी समजायला हवं होतं. समजलो नाही. ती चूक माझी.

मग पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली. अडतीस टक्के मिळालेली, तिला वही मिळाली होती, पेन नाही, पेनं पहिल्या दहांना. ती म्हणाली, काका, माश्यांचं शिकायला किती टक्के लागतात? मला माहीत नव्हतं. मी माझं खिशातलं पेन तिला दिलं आणि तुझा पत्ता लिहून घ्यायला सांगितला. ती लिहील. तिला उत्तर दे.

तोंडानं हे सगळं तुझ्यासमोर मला बोलता आलं नसतं. विहारात साठ माणसांसमोर आलं. ते का, मला माहीत नाही.

उपचाराच्या वेळी मी डोळे मिटून होतो. आता ती माशी बघायची आहे. अळी नाही, मोठी झालेली, उडणारी. डॉ. रश्मींनी नोव्हेंबर अखेरीस प्रवासाला हरकत नाही असं सांगितलं. सव्वीस नोव्हेंबरला निघतो, सत्तावीसला सकाळी पोचतो. ताई येत नाही, म्हणते कोरफडीला पाणी कोण घालणार. त्या झाडाला महिनाभर पाणी लागत नाही हे तिलाही माहीत आहे.

स्टेशनवर घ्यायला ये. गर्दीत तू मला शोधायचं, मी शोधत बसणार नाही, माझा चष्माही जुना झाला आहे. पण लांबून चालण्यावरून ओळखायला जाऊ नकोस. माझी चाल बदलली आहे.

तुझा पप्पा,
दौलत गमरे